‘हॅव्ह डन’ की ‘हॅव्ह बीन डूइंग’? मराठीत विचार करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी मी कामाच्या एका ईमेलमध्ये लिहिलं, ‘आय हॅव्ह बीन चेकिंग द फाइल.’ मला म्हणायचं होतं की फाइल तपासून झालीय, आता तुम्ही बघा. समोरच्या बाईंनी अर्थ घेतला की तपासणी अजून चाललीय, झाली की या कळवतीलच. त्या माझी वाट बघत बसल्या, मी त्यांची. दोन दिवसांनी ‘अजून किती वेळ लागेल?’ अशी ओळ आली तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. ‘हॅव्ह’ बरोबर, ‘बीन’ बरोबर, ‘चेकिंग’ही बरोबर. फक्त तिथे ‘आय हॅव्ह चेक्ड द फाइल’ हवं होतं.

प्रेझेंट परफेक्ट आणि प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस, शाळेच्या भाषेत पूर्ण वर्तमानकाळ आणि चालू पूर्ण वर्तमानकाळ, यांची गोम हीच आहे. पुष्कळदा दोन्ही वाक्यं व्याकरणात चपखल बसतात, पण ऐकणाऱ्याला वेगवेगळं कळतं. शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की क्रिया संपली असेल तर पहिला आणि चालू असेल तर दुसरा. हा नियम अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपण फसतो. मी आता मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट दिसत गेली: या दोन काळांतल्या आपल्या बहुतेक चुकांचं मूळ इंग्रजीत नसतं. ते ‘बघतोय’, ‘बसलोय’ आणि ‘करत होतो’ या तीन साध्या मराठी रूपांत असतं. म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी आपलंच मराठी वाक्य नीट ऐकायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी सांगाडा

साधा पूर्ण काळ म्हणजे ‘हॅव्ह’ किंवा ‘हॅज’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप: ‘शी हॅज रिटन’, ‘दे हॅव्ह गॉन’. चालू पूर्ण काळ म्हणजे ‘हॅव्ह बीन’ किंवा ‘हॅज बीन’ आणि त्यापुढे ‘-इंग’ लावलेलं रूप: ‘शी हॅज बीन रायटिंग’.

इथे एकच सावधगिरी. ‘बीन’ दिसलं की काळ चालूच, असं समजू नका. ‘आय हॅव्ह बीन टोल्ड’ म्हणजे ‘मला सांगण्यात आलंय’. हा कर्मणी प्रयोग आहे. ‘आय हॅव्ह बीन टेलिंग यू’ म्हणजे ‘मी तुला कधीपासून सांगतेय’. दोन वाक्यांत सांगणारा आणि ऐकणारा यांची पूर्ण अदलाबदल झालीय, ती शेवटच्या एका शब्दामुळे. ‘शी हॅज बीन टू लंडन’ यातलं ‘बीन’ आणखी तिसरंच. त्याचा अर्थ ‘ती लंडनला जाऊन आलीय’. ‘शी हॅज गॉन टू लंडन’ म्हटलं तर ‘ती लंडनला गेलीय’, म्हणजे अजून तिकडेच आहे. ‘गेलीय’ आणि ‘जाऊन आलीय’ हा फरक मराठीत इतका चोख आहे की इथे चूक व्हायचं कारणच नाही, तरी होते. ‘शी हॅज गॉन टू लंडन ट्वाइस’ असं लिहिलेलं मी कितीदा तरी दुरुस्त केलंय.

ऐकताना आणखी एक अडचण येते. बोलण्यात ‘हॅव्ह बीन’चं ‘-व्ह बिन’ होतं, तेही इतकं झटकन की आपल्याला फक्त ‘वेटिंग’ ऐकू येतं. मग आपणही ‘आय वेटिंग’सारखं काहीतरी बोलायला लागतो. कान तयार होईपर्यंत स्वतः बोलताना ‘हॅव्ह बीन’ पूर्ण उच्चारलेलं बरं.

पायरी पहिली: वाक्याचं नातं आत्ताशी आहे का?

दोन्ही काळांच्या नावात वर्तमानकाळ आहे, आणि तो उगाच नाही. जुन्या इंग्रजीत या रचनेचा अर्थ जवळजवळ ‘माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे’ असा होता. ‘हॅव्ह’ म्हणजे खरोखरच ‘जवळ असणं’. ती छटा आजही गेलेली नाही: झालेल्या गोष्टीचं काहीतरी आत्ता हातात आहे. म्हणून ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘दोन वाजता’ असा संपलेला वेळ वाक्यात आला की दोन्ही काळ बाद. ‘आय हॅव्ह बीन वर्किंग यस्टर्डे’ चूक, ‘आय हॅव्ह वर्क्ड यस्टर्डे’ही चूक. तिथे साधा भूतकाळच हवा.

हे झालं सोपं. अवघड जातं ते ‘करत होतो’. समजा, तुम्ही धापा टाकत दारात आलात आणि कुणी विचारलं, ‘काय झालं?’ मराठीत आपण सहज म्हणतो, ‘धावत होतो.’ डोळे लाल का, तर ‘रडत होती’. हाताला रंग का, तर ‘भिंत रंगवत होते’. नुकत्याच थांबलेल्या आणि आत्ता खुणा दिसणाऱ्या क्रियेसाठी मराठी बिनदिक्कत भूतकाळ वापरते. इंग्रजी तिथे ‘आय हॅव्ह बीन रनिंग’, ‘शी हॅज बीन क्राइंग’, ‘आय हॅव्ह बीन पेंटिंग’ म्हणते. ‘आय वॉज रनिंग’ म्हटलंत तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो: धावत होतास, बरं, मग काय झालं?

ओळखायची युक्ती सोपी आहे. त्या ‘करत होतो’च्या शेजारी भूतकाळातली दुसरी घटना आहे का बघा. ‘तू फोन केलास तेव्हा मी धावत होते’ यात फोन ही खुंटी आहे, म्हणून ‘आय वॉज रनिंग व्हेन यू कॉल्ड’. खुंटी नसेल आणि खूण समोर असेल, म्हणजे घाम, चिखल, ओली जमीन, दमलेला चेहरा, तर ‘हॅव्ह बीन’. खिडकीतून बाहेर बघितलं, रस्ता ओला आहे, पाऊस मात्र थांबलाय: ‘इट हॅज बीन रेनिंग.’ चालू काळ वापरायला क्रिया चालूच असली पाहिजे हा समज या एका वाक्यात मोडून पडतो.

पायरी दुसरी: मराठी क्रियापदाचं शेपूट बघा

आता उरली ‘बघतोय’ आणि ‘बसलोय’. इथे थोडं रेंगाळू या, कारण सगळ्यांत जास्त लाल शाई मी इथेच खर्च करते.

‘मी दोन तासांपासून वाट बघतोय.’ मराठीत ‘-तोय’ हे रूप दोन कामं करतं. ‘मी वाट बघतोय’ हा आत्ताचा क्षण झाला, आणि ‘दोन तासांपासून’ जोडलं की तेच रूप मागच्या दोन तासांवरही पसरतं. इंग्रजीतलं ‘आय अ‍ॅम वेटिंग’ मागे पसरत नाही. ते आत्तापुरतंच. म्हणून ‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू अवर्स’ हे आपलं ठरलेलं वाक्य दोन ठिकाणी घसरतं: काळात आणि ‘सिन्स’मध्ये. नीट वाक्य ‘आय हॅव्ह बीन वेटिंग फॉर टू अवर्स.’

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा घोळही ‘पासून’मुळेच होतो. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ दोन्हीकडे एकच प्रत्यय. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. मनातल्या मनात ‘गेले’ लावून बघा. ‘गेले दोन तास’ चालतं, म्हणून ‘फॉर टू अवर्स’. ‘गेला सोमवार’ म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणून ‘सिन्स मंडे’. आणि ‘सिन्स’पुढे अख्खं वाक्य आलं तर ते बहुधा साध्या भूतकाळात: ‘सिन्स आय जॉइन्ड’.

याच जातीचा एक गमतीदार घोटाळा प्रश्नात होतो. नव्याने राहायला आलेल्या माणसाला आपण विचारतो, ‘तुम्ही इथे किती दिवसांपासून आहात?’ आणि इंग्रजीत सहज निघून जातं, ‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ त्याला ऐकू येतं, ‘तुमचा मुक्काम एकूण किती दिवस?’ आणि तो जायची तारीख सांगतो. मागचा वेळ विचारायचा असेल तर ‘हाऊ लाँग हॅव्ह यू बीन हिअर?’

आता ‘बसलोय’. मराठीत ‘तो झोपलाय’, ‘ती बसलीय’, ‘त्याने कोट घातलाय’ ही सगळी रूपं ‘आलाय’, ‘गेलाय’ यांच्यासारखीच दिसतात. ‘तो आलाय’ म्हणजे ‘ही हॅज कम’, मग ‘तो झोपलाय’ म्हणजे ‘ही हॅज स्लेप्ट’, असं गणित आपोआप मांडलं जातं. पण ‘झोपलाय’मध्ये आपण सांगतो ती आत्ताची अवस्था, आणि ती इंग्रजीत ‘ही इज स्लीपिंग’ किंवा ‘ही इज अस्लीप’. ‘ही हॅज स्लेप्ट’ ऐकून समोरच्याला वाटेल, त्याची झोप झालीय, आता उठवायला हरकत नाही. म्हणजे नेमका उलटा अर्थ.

बसणं, उभं असणं, झोपणं, आडवं होणं, टेकणं, लटकणं, अंगावर घालणं: शरीराच्या किंवा वस्तूच्या स्थितीची ही क्रियापदं एकदा गोळा करून ठेवा. ती ‘-लाय’ रूपात आली आणि अर्थ आत्ताच्या अवस्थेचा असला, तर इंग्रजी सहसा ‘-इंग’कडे जाते. त्यात वेळ मिसळला की चालू पूर्ण काळ: ‘मी तासभर इथे बसलोय’ म्हणजे ‘आय हॅव्ह बीन सिटिंग हिअर फॉर अ‍ॅन अवर’, ‘तिने आठवडाभर तोच कोट घातलाय’ म्हणजे ‘शी हॅज बीन वेअरिंग द सेम कोट ऑल वीक’.

पायरी तिसरी: हे क्रियापद ‘-इंग’ घेतं का?

काही क्रियापदांत घडत काहीच नसतं, नुसतं असणं असतं. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’, ‘बिलाँग’, ‘अंडरस्टँड’, ‘लाइक’ आणि खुद्द ‘बी’. कितीही वर्षं चालू असली तरी यांना साधाच पूर्ण काळ. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखते’ म्हणजे ‘आय हॅव्ह नोन हिम फॉर टेन इयर्स’. ‘मी तीन दिवसांपासून आजारी आहे’ म्हणजे ‘आय हॅव्ह बीन इल फॉर थ्री डेज’. त्यातलं ‘बीन’ हेच मुख्य क्रियापद, पुढे ‘-इंग’ नाही.

‘हॅव्ह’ मात्र दोन चेहऱ्यांचं आहे. ‘माझ्याकडे हा लॅपटॉप तीन वर्षांपासून आहे’ यात मालकी आहे, म्हणून ‘आय हॅव्ह हॅड धिस लॅपटॉप फॉर थ्री इयर्स’. ‘हॅव्ह हॅड’ कानाला विचित्र वाटतं म्हणून लोक ते टाळतात. टाळू नका, ते रोजच्या वापरातलं आहे. पण ‘या लॅपटॉपचा हल्ली त्रास होतोय’ यात काहीतरी घडतंय, म्हणून ‘आय हॅव्ह बीन हॅव्हिंग ट्रबल विथ इट लेटली’. एकच यंत्र, एकच मालक, शेजारी शेजारी दोन वाक्यं आणि काळ दोन.

याद्या पाठ करणाऱ्यांना वाटतं की ‘मीन’ आणि ‘वाँट’ यांना ‘-इंग’ कधीच लागत नाही. पण बोलीभाषेत ‘आय हॅव्ह बीन मीनिंग टू कॉल यू’ हे अगदी रुळलेलं वाक्य आहे: ‘तुला फोन करायचं कधीपासून मनात होतं.’ हे मात्र खुशाल पाठ करा. उशिरा केलेल्या फोनची सुरुवात करायला याहून सोयीचं वाक्य मला सापडलेलं नाही. ‘आय हॅव्ह बीन वाँटिंग टू’ही तसंच.

दुसरा गट क्षणात संपणाऱ्या क्रियांचा: ‘ब्रेक’, ‘लूज’, ‘स्टॉप’, ‘फिनिश’, ‘अराइव्ह’. किल्ली एकदाच हरवते. ‘आय हॅव्ह लॉस्ट माय कीज.’ इथे ‘आय हॅव्ह बीन लूझिंग माय कीज’ म्हणालात तर अर्थ होतो की हल्ली माझ्या किल्ल्या सारख्या हरवतायत. क्षणाची क्रिया चालू काळात घातली की ती पुन्हा पुन्हा घडायला लागते. हवं असेल तेव्हा हे कामाला येतं, नको असेल तेव्हा गोंधळ घालतं.

पायरी चौथी: वाक्यात मोजणी आहे का?

इथे फार बोलायला नको. किती वेळा, किती पानं, किती किलोमीटर, किती जण असा आकडा आला की साधा पूर्ण काळ. ‘आय हॅव्ह कॉल्ड हिम फाइव्ह टाइम्स’, ‘शी हॅज रिटन ट्वेल्व्ह पेजेस’. ‘शी हॅज बीन रायटिंग ट्वेल्व्ह पेजेस’ म्हणणं म्हणजे पोळी लाटता लाटताच ती वाढून टाकण्यासारखं. वेळेची लांबी हा मात्र या अर्थाने आकडा नव्हे. ‘फॉर थ्री अवर्स’ चालू काळाच्या घरचंच आहे.

‘आयुष्यात पहिल्यांदाच’ हीदेखील मोजणीच. ‘मी पहिल्यांदाच गाडी चालवतेय’ हे मराठीत वर्तमानकाळात येतं, इंग्रजीत ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव्ह ड्रिव्हन’.

पायरी पाचवी: तुमची नजर कशावर आहे?

वरच्या चार चाळण्यांतून गेल्यावरही दोन्ही काळ शक्य दिसत असतील तरच खरी निवड सुरू होते.

भिंत रंगवण्याचं उदाहरण जवळून बघू. ‘आय हॅव्ह पेंटेड द वॉल.’ ऐकणारा मान वळवून भिंतीकडे बघतो. रंग कसा दिसतोय, वाळलाय का, आता टेबल लावायचं का, हे त्याचे पुढचे प्रश्न. ‘आय हॅव्ह बीन पेंटिंग द वॉल.’ ऐकणारा तुमच्याकडे बघतो. केसांत रंग आहे, पाठ अवघडलीय, चहा हवा असेल. भिंत अर्धी झालीय की पूर्ण, याबद्दल हे वाक्य काहीच सांगत नाही. नीट लक्षात घ्या: काम अपुरं आहे, असंही ते म्हणत नाही. ते फक्त त्या मुद्द्यावर गप्प बसतं. आणि माणूस ज्या मुद्द्यावर गप्प बसतो तिथे ऐकणारा आपल्या मनाचं भरतो. माझ्या फाइलचं तेच झालं होतं.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न ‘क्रिया संपली का?’ हा नाही. प्रश्न असा: हे वाक्य ऐकून समोरच्याने काय बघावं, केलेली वस्तू की करणारा मी? वस्तू, निकाल, हातात आलेलं काही बघायचं असेल तर साधा. मेहनत, वेळ, दिवसभराचा उद्योग बघायचा असेल तर चालू.

मराठीत याची चाचणी घेता येते. वाक्यात ‘-ून झालंय’ बसवून बघा. ‘पुस्तक वाचून झालंय’ हे तुमच्या मनातल्या अर्थाला धरून असेल तर ‘आय हॅव्ह रेड द बुक’. उलट ‘चाललंय’ किंवा ‘चाललं होतं’ बसत असेल, जसं ‘सकाळपासून वाचन चाललंय’, तर ‘आय हॅव्ह बीन रीडिंग’. माझ्या विद्यार्थ्यांना नियमांपेक्षा ही चाचणी जास्त उपयोगी पडते, कारण ‘वाचून झालंय’ आणि ‘वाचन चाललंय’ यांत त्यांची जीभ कधीच चुकत नाही.

प्रश्नांनाही हेच लागू. मित्राच्या हातात तुम्ही दिलेलं पुस्तक दिसलं. ‘हॅव्ह यू रेड इट?’ म्हणजे संपवलंस का, मला परत हवंय. ‘हॅव्ह यू बीन रीडिंग इट?’ म्हणजे वाचतोयस ना, की नुसतं मिरवतोयस? दुसऱ्या प्रश्नात पान कितवं याची घाई नाही.

वेळेचे शब्द

‘ऑल डे’, ‘ऑल मॉर्निंग’ म्हणजे दिवसभर, सकाळभर. ‘भर’ आला की बहुतेक चालू काळ. ‘ऑलरेडी’, ‘यट’ आणि ‘एव्हर’ हे निकालाचे शब्द, त्यांच्याबरोबर साधा. ‘ऑलवेज’बरोबरही साधा: ‘आय हॅव्ह ऑलवेज लिव्ह्ड बाय द सी’. ‘लेटली’ आणि ‘रीसेंटली’ दोघांकडेही जातात. अमेरिकी बोलण्यात ‘ऑलरेडी’ आणि ‘यट’बरोबर सरळ भूतकाळ सर्रास येतो, ‘डिड यू ईट यट?’ असा. ते ऐकून बुचकळ्यात पडायचं कारण नाही. ‘हॅव्ह बीन वेटिंग’च्या बाबतीत मात्र अमेरिकी आणि ब्रिटिश दोघांचं एकमत आहे.

जिथे दोन्ही चालतात

‘लिव्ह’, ‘वर्क’, ‘टीच’, ‘स्टडी’ या क्रियापदांबरोबर ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ असेल तर दोन्ही काळ चालतात. ‘आय हॅव्ह लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव्ह बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ यांत परीक्षकाला गुण कापता येणार नाहीत. छटा मात्र आहे. साधा काळ स्थिर, मुरलेला वाटतो. चालू काळात ‘सध्या तरी’ असा किंचित सूर असतो. मित्राकडे दोन आठवडे मुक्काम ठोकलेला माणूस ‘आय हॅव्ह बीन लिव्हिंग विथ अ फ्रेंड’ म्हणेल.

टोकाचं उदाहरण घेतलं की छटा स्पष्ट होते. कड्यावरचा दीपस्तंभ दोनशे वर्षं उभा आहे: ‘द लाइटहाउस हॅज स्टुड ऑन द क्लिफ फॉर टू हंड्रेड इयर्स.’ त्याच्या पायथ्याशी एक माणूस तासभर उभा आहे: ‘अ मॅन हॅज बीन स्टँडिंग देअर फॉर अ‍ॅन अवर.’ माणूस जाईल, दीपस्तंभ कुठे जाणार!

एक अडचण कर्मणी प्रयोगात येते. ‘पूल दोन वर्षांपासून बांधला जातोय’ याचं नियमाबरहुकूम रूप ‘हॅज बीन बीइंग बिल्ट’ होईल. असं जवळजवळ कुणी बोलत नाही. ‘दे हॅव्ह बीन बिल्डिंग द ब्रिज फॉर टू इयर्स’ म्हणा, किंवा ‘द ब्रिज हॅज बीन अंडर कन्स्ट्रक्शन’. मी पूर्वी असली चार मजली रूपं वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचे. आता नाही लिहीत. विद्यार्थी नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात.

नकार

नकारात तोल साध्या काळाकडे झुकतो. जे घडलंच नाही त्याची मेहनत काय दाखवणार? ‘मी सहा तासांत काही खाल्लं नाहीये’ म्हणजे ‘आय हॅव्हन्ट ईटन फॉर सिक्स अवर्स’. ‘आम्ही वर्षभर भेटलो नाही’ म्हणजे ‘वी हॅव्हन्ट मेट फॉर अ इयर’. चालू काळ नकारात येतो तो घडी बिघडल्याचं सांगायला: ‘आय हॅव्हन्ट बीन स्लीपिंग वेल’, म्हणजे हल्ली झोपच नीट लागत नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर हेच वाक्य लागतं. ‘आय हॅव्हन्ट स्लेप्ट’ म्हटलंत तर त्यांना वाटेल की डोळ्याला डोळाच लागलेला नाही.

सूर

‘हू हॅज यूज्ड माय कंप्यूटर?’ ही चौकशी आहे. ‘हू हॅज बीन यूझिंग माय कंप्यूटर?’ यात भुवई उंचावलेली आहे. खुर्ची सरकलीय, स्क्रीनवर बोटांचे ठसे आहेत, आणि विचारणाऱ्याने ते सगळं पाहिलंय. खुणांवरून माग काढणारा हा काळ आरोपाला फार सोयीचा. ‘हॅव्ह यू बीन रीडिंग माय मेसेजेस?’ हा प्रश्न माहिती मिळवायला क्वचितच विचारतात. म्हणून सहकाऱ्याला साधं काही विचारायचं असेल तर इथे जरा जपून.

एक ईमेल, ओळ ओळ

आता सगळ्या पायऱ्या एका जागी चालवून बघू. मराठीत मनात असं आहे:

‘मी सोमवारपासून तुमच्या उत्तराची वाट बघतेय. तीनदा फोनही केला. आमची टीम दोन आठवड्यांपासून डिझाइनवर काम करतेय आणि चार पानं झालीत. गेले काही दिवस साइट अधूनमधून बंद पडतेय. आज सकाळपासून मात्र एकदाही पडलेली नाही. तुमच्या प्रस्तावावर विचार चाललाय.’

‘-तेय’ आणि ‘पासून’ एकत्र दिसले, क्रियापद घडण्याचं आहे, मोजणी नाही: ‘आय हॅव्ह बीन वेटिंग फॉर युअर रिप्लाय सिन्स मंडे.’ यात एक ‘फॉर’ आहे तो वेळेचा नव्हे, ‘वेट फॉर’मधला आहे. वेळेचं काम ‘सिन्स’ करतोय.

तीनदा, म्हणजे आकडा: ‘आय हॅव्ह कॉल्ड थ्री टाइम्स.’ मराठीत ‘केला’ असा साधा भूतकाळ आहे, तरी ती तीनची संख्या अजून वाढू शकते आणि उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून पूर्ण वर्तमानकाळ.

तिसऱ्या ओळीत दोन्ही काळ एका वाक्यात. मेहनत आधी, हातात आलेलं नंतर: ‘अवर टीम हॅज बीन वर्किंग ऑन द डिझाइन फॉर टू वीक्स अँड हॅज फिनिश्ड फोर पेजेस.’

साइट बंद पडणं क्षणाचं, पण इथे ते पुन्हा पुन्हा आहे: ‘द साइट हॅज बीन क्रॅशिंग ऑन अँड ऑफ फॉर द लास्ट फ्यू डेज.’ पुढचा नकार, तोही ‘एकदाही’सकट: ‘इट हॅजन्ट क्रॅश्ड सिन्स धिस मॉर्निंग.’

आणि शेवटची ओळ. ‘आय हॅव्ह थॉट अबाउट युअर प्रपोजल’ लिहिलंत तर वाचणारा खाली सरकतो आणि होकार की नकार ते शोधतो, कारण विचार करून झालाय असं तुम्ही सांगितलंत. मराठीत तुम्ही ‘चाललाय’ म्हणाला होतात. ‘आय हॅव्ह बीन थिंकिंग अबाउट युअर प्रपोजल’ लिहा, आणि निर्णय घ्यायला आणखी दोन दिवस मिळवा.